टक लावून

आमच्या प्रयोगशाळेत बाळांना फसवायचं काम चालतं. चेंडू पडद्यामागे जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येतच नाही. बाळ चक्रावलं की जास्त वेळ बघत राहतं. त्यावरून, वस्तू दिसेनाशी झाली तरी ती असते, हे त्याला उमगलंय का ते आम्ही ठरवतो. बाळ आईच्या मांडीवर असतं. आईने डोळे मिटायचे आणि अवाक्षर काढायचं नाही, नाहीतर बाळाला इशारा मिळतो. मी फटीतून बाळाचे डोळे बघते आणि सेकंद मोजते. अकरा वर्षं हेच करतेय. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, असा तोरा मिरवत होते.

त्या दिवशी शिवणकाम करणारी एक बाई पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. मुलीला सगळे पिटुकली म्हणत.

"ताई, हिच्यासमोर रंगीत रिळं नाचवते, तर ही बघतच नाही. सासूबाई म्हणतात, तुझ्या डोक्यात नसत्या शंका. तुम्ही जरा नीट बघाल?"

"त्याचाच तर पगार घेते," मी म्हटलं.

चेंडू गायब झाला. पिटुकली साठ सेकंद टक लावून बसली. साठला आम्ही थांबतोच. पुढच्या खेपेला चेंडू सरळ बाहेर आला, त्यात चक्रावण्यासारखं काहीच नव्हतं. तरी पुन्हा साठ! बाकीची बाळं अशा वेळी दहा सेकंदांत कंटाळून मान फिरवतात. तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती, पण मी हरखून गेले होते.

"बघत नाही काय म्हणता? अहो, इतकं बघणारं बाळ मी आजवर पाहिलं नाही!"

बाईच्या जिवात जीव आला. घरी जाऊन तिने सासूबाईंना तेच सांगितलं आणि शंका घेणं सोडून दिलं.

पाच महिन्यांनी ती परत आली. आवाज पार बसला होता. मुलीला काहीच दिसत नव्हतं. तेव्हाच आणलं असतं तर थोडी तरी नजर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले होते.

माझी मलाच शिसारी आली. ती कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती मुलीला चटईवर ठेवून नुसती बोलत होती: ही खुर्ची, हे टेबल, या ताई.

पिटुकलीच्या हातून खुळखुळा पडला. आवाजाच्या दिशेने चाचपत तिने तो बरोबर उचलला.

"पडलेली वस्तू कुठेतरी असते, एवढं कळतं तिला," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"घशाला जरा आराम द्या हो," मी कसंबसं म्हटलं.

ती गप्प झाली. क्षणभरात पिटुकलीचा चेहरा उतरला, हात हवेत धडपडू लागले आणि ती जिवाच्या आकांताने किंचाळली.

"मी गप्प बसले, की तिच्यासाठी मी नसतेच," बाई म्हणाली, आणि पुन्हा खोलीतल्या एकेका वस्तूचं नाव घेऊ लागली.