लाकडात बसलेली कोंबडी

दिवाळी झाली तशी संगिता नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर निघाली. जाताना सासूसाठी, म्हणजे रूपीसाठी, होळीपर्यंत पुरतील एवढी लाकडं रचून गेली. म्हातारी गॅसला इतकी घाबरायची की शेगडीवर कांदे ठेवायची.

तिसऱ्याच दिवशी घरची कोंबडी त्या लाकडांत शिरून अकरा अंड्यांवर बसली. काटकी ओढली की टोच! दोन दिवस रूपीने शिळ्या भाकरीवर काढले. शेवटी शेजारच्या पांड्याने भट्टीवर फोन लावून दिला.

"आई, आधी काडी पेटव, मग बटण फिरव," संगिता म्हणाली.

रूपीने लांब बांबूला काडी बांधून ती दाराबाहेरून आत धरली. बटण फिरवायला पांड्या, डोक्यावर पातेलं घालून. पाचव्या काडीला गॅस पेटला.

"पांड्या, पातेलं काढ आता. भात टाकायचाय!"

होळीला संगिता नवऱ्याबरोबर घरी आली. लाकडं तशीच बघून चरकली. "आई, जेवत होतीस ना?"

"रोज, गरम गरम." रूपीने तिला बसवून चहा दिला. "तू रचलेली लाकडं तुलाच ठेवलीत. आता पावसापर्यंत सरपणाला रानात जायचं नाही."

रूपीच्या मुलाने सणाला कापायची म्हणून कोंबडीकडे बघितलं.

"हात लावून तर बघ! मास्तरीण आहे ती माझी."