आतले कापड

शिंप्याने बायकोच्या हिरव्या ड्रेसची बगलेखालची शिवण उसवली आणि आत चाचपून पाहिले. सोडायला कापडच नव्हते. अंग कधी भरेल याचा नेम नसतो, म्हणून प्रत्येक शिवणीच्या आत दोन बोटे कापड राखायचे, ही त्याची उभ्या आयुष्याची रीत. बायकोच्या ड्रेसचे मात्र त्याने स्वतःच छाटून टाकले होते.

गेल्या वर्षी त्याच्या बहिणीने माशाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या. वजन झरझर उतरते म्हणे. बायको नाक मुरडत गोळी गिळायची आणि दिवसभर माशाचे ढेकर द्यायची. मांजर मागे लागेल तुझ्या, असे तो चिडवायचा. चिडवण्यात त्याचा हात कोण धरणार? लग्न झाल्यापासून तो गिऱ्हाइकांदेखत सांगत आला होता, की हिच्या मापासाठी टेपला तुकडा जोडावा लागतो.

आणि खरेच ड्रेस सैल होऊ लागले. शिंपी हरखला. शिवणी आत घेत गेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला गोळ्यांची बाटली दाखवत सुटला. आता ही परत जाड होत नाही, अशा खात्रीने त्याने आतल्या कापडावर कात्री चालवली.

पुढे जिन्यात ती मटकन खाली बसली, तेव्हा कुठे डॉक्टर गाठला. त्या गोळ्यांनी असे वजन उतरत नसते, डॉक्टर म्हणाले. पोटातला आजार तिला पोखरत होता. इतके दिवस काय करत होतात, असे त्यांनी शिंप्याला विचारले.

आता तिच्या अंगावर थोडे मांस चढले, तरच ऑपरेशन होणार होते. म्हणून तो ड्रेस पूर्वीच्या मापाचा करायला बसला होता. हिरवे कापड उरले नव्हते. त्याने निळ्या कापडाची पट्टी कापली.

मशीनशेजारच्या खुर्चीतून बायको म्हणाली,

"अहो, आहे तोच सैल होतोय मला."

"होऊ दे. भरशील तू."

सुई डोळ्यांजवळ धरून त्याने विचारले,

"थकवा येत होता, तर तेव्हाच का नाही बोललीस?"

ती म्हणाली,

"माप घेताना तुम्ही पहिल्यांदाच चेष्टा करत नव्हतात. बरं वाटायचं मला."

शिंप्याला दोरा ओवता येईना. शेवटी तिनेच सुई मागून घेतली, दोरा ओवला आणि परत त्याच्या हातात दिली.

"पट्टी रुंद लावा," ती म्हणाली.