बाविसावं नाव

या, असे पुढे सरका. मागे खांबाला टेकून बसलात तर निम्मं कानावर पडेल आणि निम्मं वाऱ्यावर जाईल. चपला राहू द्या तिथंच, कुणी नेत नाही. आज एका आईची गोष्ट सांगतो. लेक वाचावा म्हणून देवाच्या दारी धरणं धरणाऱ्या आया तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. ही आई मात्र वर्षानुवर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिली. तिचं मागणं एकच होतं, माझ्या लेकाचं नाव गेलेल्यांच्या यादीत घाला. का, ते ऐका.

बरकतपुऱ्यात मुदखेडकरांचं घर. दिगंबरराव कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. शिक्षण उर्दूतलं, टायपिंग इंग्रजीतलं, आणि भांडण मराठीतलं. कुसुमताईंनी तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेलं. एकुलता एक गिरीश हवाई दलात मेकॅनिक, पूर्वेकडच्या एका तळावर. वर्षातून एकदा घरी यायचा तो दत्तजयंतीच्या उत्सवाला, कारण सातही दिवस कीर्तनाला तबल्यावर तोच बसायचा. "खातो सरकारचं आणि वाजवतो महाराजांचं," असं वडील म्हणायचे आणि पुढच्या रांगेत जाऊन बसायचे.

चौऱ्याण्णव सालच्या उत्सवाआधी त्याचं कार्ड आलं. रजा मंजूर झाली, रविवारी निघतो. त्याच रविवारी किनाऱ्यावर वादळ आलं. रूळ वाहून गेले, गाड्या जिथल्या तिथं उभ्या राहिल्या. सोमवारी सकाळी रेडिओवर बातमी लागली: गिरीशच्याच तळावरून निघालेलं एक लष्करी मालवाहू विमान ढगांत शिरलं ते पुन्हा कुणाला दिसलं नाही. समुद्रात गेलं की डोंगरांत, पत्ता नाही. आत एकवीस माणसं होती.

त्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही. बुधवारी सिकंदराबादच्या कचेरीत यादी आल्याचं कळलं, तसे दिगंबरराव गेले. एकेका नावावर बोट ठेवून त्यांनी यादी तीनदा वाचली. गिरीश नव्हता. तिथूनच तळावर फोन लावून घेतला. पलीकडून उत्तर आलं, "रजेवर गेला. स्टेशनवर गेला असेल." म्हणजे पोरगा वाटेत कुठल्यातरी स्टेशनात अडकून भजी खात बसलेला! दिगंबरराव रिक्षातून उतरले ते रडतच.

त्या संध्याकाळी उत्सवात शैलाताईंचं कीर्तन होतं. पूर्वरंग संपला, बुक्का लागला, शैलाताईंच्या गळ्यात हार पडला, आणि इतक्या वर्षांत सभेत कधी तोंड न उघडलेल्या कुसुमताई उठून उभ्या राहिल्या. "माझा गिरीश त्या विमानात नव्हता हो!" एवढंच बोलल्या. सगळ्या सभेनं टाळ्यांचा गजर केला. पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवऱ्याला टाइपरायटरपुढे बसवलं. "देवाचे आभार मानले, आता कचेरीचेही माना. त्या माणसांनी फोन लावून दिला तुम्हाला." पत्र झालं: आमचा मुलगा सदर विमानात नव्हता, तो रेल्वेने येत आहे, ईश्वराचे व आपले आम्ही ऋणी आहोत. दिगंबररावांनी खाली सही केली.

"मीही करते," कुसुमताई म्हणाल्या. "आभार दोघांनी मानायचे असतात."

उभ्या आयुष्यात त्यांनी एवढ्या शुद्ध मनानं दुसरा कागद पाठवला नव्हता. आणि एवढी मोठी चूकही दुसरी केली नव्हती.

आठ दिवसांत रूळ जोडले गेले. गाड्या आल्या. लोक आले, टपाल आलं. गिरीश आला नाही. वीस दिवसांची रजा संपली, वर महिना गेला, आणि एक दिवस दारात हवालदार उभा राहिला. यादगिरी त्याचं नाव. टोपी काखेत धरून म्हणाला, "अम्मा, गिरीश आप का पोट्टा है ना? आया क्या घर कू?"

"नाही आला. का हो?"

"ऊपर से कागज आया अम्मा. ड्यूटी छोड के भागा बोल के लिखे. आया तो ठाणे कू बोलना."

भागा! कुसुमताईंच्या हातातलं ताट तिथंच राहिलं. त्याच दिवशी त्यांना कळून चुकलं. आईला कळतं ते कळलं. जो मुलगा उत्सवासाठी निघाला, तो उत्सवाला आला नाही, म्हणजे तो त्याच विमानात होता. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

दिगंबररावांना मात्र त्याच कागदानं जीव आला. आठवा ते दिवस. नव्या खासगी विमान कंपन्या निघाल्या होत्या, आणि दलातल्या मेकॅनिकना त्या हात जोडून बोलवत होत्या. गिरीशनंच मागच्या उत्सवात हसत सांगितलं होतं, "बाबा, आमच्यातले दोघे तिकडे जायला बघतायत. पण मुदतीआधी सोडतं कोण?"

"बघ," दिगंबरराव म्हणाले, "गेला असेल तिकडे. नाव बदलून राहिला असेल. प्रकरण निवलं की येईल."

"अहो, आपला गिरीश? पळून?"

"का, पळाला तर काय झालं? पळणारा माणूस जिवंत असतो!"

"आणि आईला एक कार्ड टाकणार नाही?"

"कार्ड टाकलं की पकडतील, एवढं कळत नाही तुला? मास्तरीण झालीस नुसती!"

भर म्हणून उत्सवाच्या कमिटीतले लक्ष्मणराव एकदा दारातूनच ओरडून गेले, "दिगंबरराव, आमच्या भाच्यानं मुंबईच्या विमानतळावर तुमच्या गिरीशला पाहिला म्हणतो! निळा गणवेश, गळ्यात बिल्ला!" झालं. दिगंबररावांनी चार कंपन्यांना चार पत्रं टाइप केली. एकीचंही उत्तर आलं नाही, आणि उत्तर न येणं हाच त्यांना पुरावा वाटू लागला.

कुसुमताई एकट्याच सिकंदराबादला जाऊ लागल्या. दर मंगळवारी. बसला लोंबकळत जायचं, बाकावर बसायचं, बारा वाजता कळायचं की साहेब मीटिंगला गेलेत. पहिल्या खेपेला अर्ज दिला. दुसऱ्या खेपेला तो सापडत नव्हता. तिसऱ्या खेपेला सापडला, पण चुकीच्या टेबलावर. देवाला त्यांनी कधी जाब विचारला नाही. जो काही राग होता तो त्या बाकावर बसून, पदर मुठीत धरून गिळला. सहाव्या की सातव्या मंगळवारी साहेबांनी आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं फाइल उघडली आणि एक कागद त्यांच्यापुढे फिरवला.

"मॅडम, ही सही तुमची ना?"

तेच आभाराचं पत्र. लाल फितीत नीट ओवलेलं.

"तुम्हीच लिहून दिलंय, मुलगा विमानात नव्हता. दोघांच्या सह्या आहेत. आता तुम्ही म्हणता होता. मी वर काय कळवू?"

"अहो, ते आनंदात लिहिलं होतं!"

"आनंदात लिहिलं तरी रेकॉर्डच झालं ना, मॅडम."

त्या दिवशी कुसुमताई बसमध्ये न बसता पार तलावाकाठच्या टँकबंडपर्यंत चालत आल्या. स्वतःच्या हाताला शिव्या देत आल्या. शिव्या येत नव्हत्या त्यांना, म्हणून नुसतं "मेला हात, मेला हात" म्हणत आल्या.

मे महिन्यात एक जाड पाकीट आलं. गिरीशच्या तळावरचा सोबती विवेक, सातारचा मुलगा, त्याचं पत्र. त्यानं लिहिलं होतं: "काकू, गिरीशची गाडी रद्द झाली होती. उत्सव चुकणार म्हणून तो फार बेचैन होता. विमान सुटायच्या तयारीत होतं. ताडपत्रीच्या गठ्ठ्यांवर बसायची तयारी असेल तर ये, असं आतून कुणी म्हणालं. यादी तेव्हा पुरी होऊन आत गेली होती, आणि पाऊस एवढा होता की ती पुन्हा उघडायला कुणी थांबलं नाही. मीच त्याची बॅग वर दिली. तिथं पहारा माझा होता, म्हणून चौकशीत मी गप्प राहिलो. पाच महिने जेवण जात नाही, काकू. मला काय शिक्षा व्हायची ती होवो. तुम्ही सांगाल तिथं शपथेवर लिहून देतो."

कुसुमताईंनी पत्र दोनदा वाचलं. मग देवापुढे ठेवलं. रडल्याही. पण त्या रडण्यात, खरं सांगायचं तर, थोडा उजेडही होता. पोरगा भ्याला नव्हता. पोरगा कीर्तनाला निघाला होता.

साहेबांनी विवेकचं पत्र वाचलं, मान हलवली. "याच्या जबाबाची व्यवस्था करतो. पण आधी तुमचं ते पत्र मागे घ्यायला हवं. ज्या दोघांनी सह्या केल्या, त्या दोघांनी लिहून द्यायचं की मुलगा विमानात होता. एकाची सही चालणार नाही."

घरी येऊन त्यांनी कागद नवऱ्यापुढे ठेवला. दिगंबररावांनी विवेकचं पत्र वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"पाऊस होता म्हणतो ना तो? पावसात माणूस ओळखू येतो?"

"अहो, त्यानं बॅग दिली हातात!"

"मी सही करणार नाही, कुसुम. माझ्या हातानं मी पोराला मारणार नाही."

"आणि पळपुटा म्हणवून घ्याल?"

"जग काय वाटेल ते म्हणो. म्हणण्यानं माणूस मरत नाही. सहीनं मरतो."

 कुसुमताईंनी कागद ट्रंकेत ठेवला. दर आठवड्याला काढायच्या, पुढे ठेवायच्या, परत उचलायच्या. पुढचा उत्सव आला. तबल्यावर दुसराच कुणी बसला. लोक कुजबुजत, "त्यांचा मुलगा तो... पळाला म्हणे." कुसुमताई मान खाली न घालता कीर्तन संपेपर्यंत बसल्या. आरतीला मात्र थांबल्या नाहीत.

यादगिरी दर तीन महिन्यांनी यायचा. चहा प्यायचा, "नईं आया ना?" विचारायचा, वहीत खूण करून जायचा. शहाण्णवच्या पावसाळ्यात आला तो खुर्चीवर बसलाच नाही.

"साब," दिगंबररावांना म्हणाला, "बुरा नक्को मानो. नवा हुकूम आया. जितने फरारी हैं, सब के फोटू बोर्ड पे लगाना. आप के पोट्टे का एक फोटू होना."

"कुठल्या बोर्डावर?"

"ठाणे में, अंदर जातेच दीवार पे. चोरों का बोर्ड है ना, उसीच पे. मैं क्या करूं साब, मेरेकू पूछनाच पडता."

दिगंबरराव उठले. आत जाऊन अल्बम घेऊन आले. कुसुमताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. म्हाताऱ्यानं पानं उलटायला सुरुवात केली. मुंजीतला गिरीश. मलकपेठच्या मावशीकडे दात पडलेला गिरीश. नव्या गणवेशातला, कान बाहेर आलेला. शेवटी उत्सवातला: तबल्यावर हात, नजर वर, बुवा सम कधी घेतात त्याची वाट बघणारा. त्या फोटोचे चार कोपरे त्यांनी नखानं उचलले. अर्धवट उचलले. मग बोट तिथंच थांबलं.

"यादगिरी," ते म्हणाले, "या फोटोत कुठला फरारी दिसतो का तुला?"

"नईं साब."

"मंग लिही तुझ्या वहीत. वो नईं आता. वो हवाई जहाज में था." मग ते स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. "कुसुम, तो कागद आण."

त्यांनी सही केली. आधी तारीख घातली, कोर्टाच्या सवयीनं, आणि मग नाव, सावकाश, जणू पहिल्यांदाच लिहीत होते. यादगिरीनं टोपी काढली होती ती घालायचं त्याला भान नव्हतं. कुसुमताईंनी शेजारी सही केली आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. दोन वर्षांत घातला नव्हता तो टाहो दिगंबररावांनी तेव्हा घातला.

आता तुम्ही विचाराल, मग झालं ना काम? कुठलं हो! कागद सिकंदराबादहून दिल्लीला गेला. विवेकनं जबाब दिला, त्याच्या बाहीवरची हुद्द्याची पट्टी उतरवली, बदली झाली. यादगिरीच्या बोर्डावर फोटो लागला नाही, एवढंच काय ते हाती आलं. दिल्लीहून एक ओळ आली: प्रकरण विचाराधीन आहे. कुसुमताई अजून मंगळवारी जातात. आता दिगंबररावही बरोबर असतात, बाकावर दोघं शेजारी बसतात आणि कुणाची मीटिंग किती लांबली यावर भांडतात. यादीत अजून एकवीसच नावं आहेत.

म्हणून तुमच्यापाशी मागणं आहे. सरकार लिहील तेव्हा लिहील. तुम्ही उठाल, घरी जाल, देवाला दिवा लावाल, तेव्हा वादळात गेलेल्या त्या माणसांसाठी हात जोडा, आणि त्यांच्यात एकाला विसरू नका. कीर्तन चुकू नये म्हणून ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसून निघालेला, गिरीश दिगंबर मुदखेडकर. तेवढं नाव लक्षात ठेवा.