शोभेचे भोपळे

थोरल्या जावेने मंडळ काढलं तेव्हा धाकटीला वाटलं होतं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. घरं सजवून देणं हा थोरलीचा धंदा. तिच्या हाताला माती लागली ती मंडळाच्या पहिल्या फोटोत, आणि फोटो झाल्याबरोबर ती धुतलीही गेली. पण खूळ उतरलं नाही. गोदामामागची पडीक जागा नगरपालिकेने बायकांना वापरायला दिली, वाफे पडले, फाटकावर कमान उभी राहिली. आपलं अन्न आपण पिकवायचं, आपलं बी आपण धरायचं, शेजाऱ्यांना आपल्या हातचं खाऊ घालायचं, असं आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या बायका एकमेकींना इतक्या वेळा सांगू लागल्या की त्यांतल्या काहींनी खरोखरच काहीतरी पेरलं.

धाकटी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. मंडळात भाषणं सुरू झाली की ती खाली मान घालून नखांतली माती काढत बसे. ‘माती आपल्याशी बोलते’ हे वाक्य आलं की तिच्या कपाळावरची एक शीर उडायची. माती तिच्याशी कधी बोलली नव्हती, आणि म्हणूनच तिला ती आवडत होती. दोघी जावा एकाच घरात राहत आणि त्या घराच्या एकाही खिडकीत धड ऊन येत नसे. मंडळाच्या जागेत कोपऱ्यातला वाफा तिचा होता. खडे वेचून, खत घालून तिने तो लोण्यासारखा मऊ केला होता. शाळेतून आली की तिथे गुडघे टेकायचे, आणि अंधार पडेपर्यंत कुणी काही विचारायचं नाही. एवढ्यासाठी ती बाकीचं सगळं सोसत होती.

सोसण्यासारखं पुष्कळ होतं. मंडळात मतदान नव्हतं. मतदान म्हणजे पुरुषी दांडगाई, असं थोरलीचं म्हणणं. सगळ्यांना पटेल तेव्हाच एखादी गोष्ट ठरायची, आणि ठरलेली मोडायची तर तेही सगळ्यांना पटायला हवं. परिणामी फावडी कुठे ठेवायची हे ठरेपर्यंत त्यांचे दांडे कुजले होते.

गेल्या वर्षी थोरलीने कमानीवर शोभेचे भोपळे चढवले. चट्ट्यापट्ट्यांचे, चामखिळी आल्यासारखे खडबडीत, बदकाच्या मानेचे. खायचे नव्हेत, बघायचे. खालच्या वाफ्यात खायच्या भोपळ्यांचे वेल होते. धाकटीने तेव्हाच सांगितलं होतं की हे एकमेकांचे सख्खे भाऊबंद आहेत. मधमाशी वरून खाली येणार, तिला काही मंडळाचे नियम माहीत नाहीत. तेव्हा एक तर कमानीवरचा वेल काढा, नाहीतर या भोपळ्यांचं बी धरू नका. वकीलबाई मंडळात सगळ्यांत मवाळ आवाजात बोलत आणि कुणाचंच ऐकत नसत. त्या म्हणाल्या, वेलींवर असा अविश्वास दाखवणं आपल्याला बरं वाटत नाही. त्या वर्षीचे भोपळे गोडच निघाले, आणि सगळ्यांनी धाकटीकडे कीव केल्यासारखं पाहिलं. गर आईचा असतो, भानगड बियांत असते, हे तिने दोनदा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. बी धरलं, वाळवलं, हाताने चित्रं काढलेल्या पाकिटांत भरलं आणि यंदा सगळा वाफा त्याच बियांचा लावला.

भोपळे उतरले त्या शनिवारी शेजाऱ्यांना जेवू घालायचं ठरलं होतं. परीक्षेचं काम आटोपून धाकटी पोचली तेव्हा दुपार कलली होती. फाटकापासून रस्त्यापर्यंत माणसं हातात वाट्या घेऊन उभी. म्हातारे होते, कडेवर पोरं घेतलेल्या आया होत्या. भोपळ्याच्या सुपाचं मोठं पातेलं चुलीवरून उतरवून बुटक्या बाकावर ठेवलेलं. मंडळातल्या बेकरीवालीने तिच्या हातात चमचा दिला आणि विचारलं की मध आणखी घालू का, बरणीभर ओतला, सायही ओतली, तरी चवीच्या तळाशी काहीतरी राहतंच आहे.

धाकटीने चमचा तोंडात घातला आणि लगेच बाजूला थुंकली. तिला वर कमानीकडे पाहण्याचीही गरज पडली नाही.

तिने थोरलीला बाजूला घेतलं आणि शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. हा कडवटपणा म्हणजे विष आहे. शिजवून जात नाही, मधाने मरत नाही. पोटात कळा येतील, उलट्या होतील, आणि त्या रांगेतल्या लहान पोरांचं काय होईल ते सांगता येत नाही. हे गटारात ओता आणि सगळ्यांना पाव वाटा.

थोरली हसली. हे हसू ती गिऱ्हाइकांसाठी ठेवून असे.

“अगं, कडू तेच मूळचं. दुकानातल्या गोड भोपळ्यांनी आपली जीभ बिघडवून ठेवली आहे.”

“वहिनी, मूळचं म्हणजे रानातलं. रानातल्याला तुम्ही जेवायला नको असता.”

वकीलबाई मध्ये आल्या. जेवण द्यायचं हे सगळ्यांच्या संमतीने ठरलं आहे, तेव्हा ते थांबवायचं तर सगळ्यांना बोलवून गोल बसायला हवं, असं त्यांनी मवाळपणे सांगितलं. बेकरीवाली म्हणाली की तिला दोन्ही बाजू पटतात. कुणी विचारलं असतं तर तिला तिसरीही पटली असती. तेवढ्यात थोरलीने एक वाटी काठोकाठ भरून घेतली, रांगेकडे तोंड केलं आणि डोळे मिटून, चवीने खाल्ल्यासारखं करत, शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. टाळ्या पडल्या. मग ती म्हणाली, “वाढा.”

धाकटीने पातेल्याच्या कानाला फडकं गुंडाळलं आणि सगळा भार टाकून ते ओढलं. पातेलं कलंडलं. पिवळंधमक सूप बाकावरून खाली आणि तिथून उताराने गटारात गेलं. रांगेतली एक म्हातारी वाटी पुढे धरून तशीच उभी राहिली.

फावड्यांसाठी ऋतू घालवणाऱ्या बायकांचं त्या दिवशी उभ्या उभ्या एकमत झालं. अन्नाचा असा अपमान करणारीला मंडळात जागा नाही. वाफा सोमवारपर्यंत मोकळा करावा. वकीलबाईंनी आपल्याला फार वाईट वाटत असल्याचंही त्यात घातलं. धाकटीने कुणाशी वाद घातला नाही. गोल बसूनही ज्यांना कडू आणि विषारी यांतला फरक कळत नव्हता, त्यांच्यापुढे तोंड शिणवायचं कशाला. पण घरी जाताना तिचं मन राहून राहून कोपऱ्यातल्या त्या काळ्याभोर तुकड्याकडे जात होतं. तिथे आता कुणीतरी झेंडू लावेल आणि त्याच्याशी बोलेल.

दिवेलागणीला थोरली न्हाणीघरात शिरली ती बाहेर येईना. आतून येणारे आवाज बैठकखोलीपर्यंत पोचत होते. दोघींचे नवरे टीव्हीचा आवाज वाढवून बसले होते. धाकटीने पाणी उकळून कोमट केलं, त्यात मीठ-साखर मोजून घातली आणि पेला घेऊन दारापाशी उभी राहिली.

“दार उघडा, वहिनी. हे घोट घोट घ्या.”

बऱ्याच वेळाने कडी निघाली आणि फटीतून घामेजलेला हात बाहेर आला.

“मंडळात कुणाला बोलू नकोस,” थोरली आतून म्हणाली.

“माझ्या वाफ्याचं काय?”

“बैठकीत विषय घेऊ. सगळ्यांना पटलं तर—” पुढचं दुसऱ्या उबळीत वाहून गेलं.

वर्गात उत्तर न येणाऱ्या पोराशी बोलावं तसं, न रागावता, धाकटी म्हणाली,

“बरं. मग बैठकीत मीच आधी बोलते. ही संध्याकाळ सगळी सांगते, आवाजांसकट.”

नळ सुटला आणि वाहत राहिला.

“वाफा राहू दे तुझा.”

“आणि भोपळ्याचं धरलेलं सगळं बी जाळायचं. सगळी पाकिटं.”

“त्यावर इतकी चित्रं काढली आहेत गं सगळ्यांनी. ते त्यांना पटायला—”

धाकटीने पेला मागे घेतला. हात फटीतच थांबला, बोटं एकदा उघडली, मिटली.

“पटेल,” थोरली म्हणाली. “मी पटवते.”