वीस ते ऐंशी

गाडी घेतल्यापासून आमच्या ह्यांची माणसांची तब्येत विचारायची सवय सुटली आहे. सकाळी डोळे उघडले की आधी फोन, फोनवर गाडीची बॅटरी किती टक्के ते बघणं, आणि मग चहा. स्वतःची रक्तातली साखर त्यांनी तीन वर्षांत तपासलेली नाही, पण बॅटरी दिवसातून अकरा वेळा तपासतात.

गाडी तशी गुणी आहे. छोटीशी, पांढरी, विजेवर चालणारी. आवाज नाही, धूर नाही, बाजारातल्या बोळातसुद्धा सुईसारखी शिरते. मलाही ती आवडायची. पण हे शाळेत भूगोल शिकवतात, त्यामुळे गावातला प्रत्येक चढ-उतार त्यांना तोंडपाठ. उतारावर पाय काढला की बॅटरीत थोडी वीज परत जमा होते, हे कळल्यापासून आम्ही कुठेही सरळ रस्त्याने गेलेलो नाही. भाजी आणायची तर टेकडीवरून. चढताना तीन टक्के जातात, उतरताना एक मिळतो, आणि त्या एकाच्या आनंदात ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढतं. त्या तीन टक्क्यांचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. "तुला त्यातलं कळत नाही," असं उत्तर मिळालं.

अशा गाडीमालकांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्या ग्रुपचा एकच मंत्र: वीस ते ऐंशी. बॅटरी विसाच्या खाली जाऊ द्यायची नाही, ऐंशीच्या वर भरायची नाही, म्हणजे तिला दीर्घायुष्य लाभतं. गाडीच्या पुस्तकात म्हणे "शक्यतो" असा शब्द आहे. आमच्याकडे तो गाळून वाचलं जातं. मला गाडी चालवता येते, पण ह्यांच्या मते माझा पाय जड आहे, म्हणून या गाडीला हात लावायची मला बंदी.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. आईची तारीख येईपर्यंत.

आई आमच्याकडेच राहते. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, अजूनही शेजारपाजारचे पडदे, बाह्या, चेनी दुरुस्त करून देते. गेल्या वर्षापासून तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता. शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नाव घातलं, पाच महिने वाट पाहिली, आणि ऑपरेशनसाठी मंगळवारी सकाळी साडेनऊची वेळ मिळाली. दवाखान्यातून बजावून सांगितलं होतं, उशीर झाला तर नंबर पुढच्याला जाईल. आईने आठ दिवस आधीच पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

दवाखाना पंचावन्न किलोमीटर. ह्यांचा हिशोब चोख होता: ऐंशीने निघायचं, जाऊन येऊन पंचवीसच्या आसपास परत. माझा या हिशोबावर काडीचा विश्वास नव्हता. वाटेत खोळंबा झाला तर? म्हणून सोमवारी संध्याकाळी मी गुपचूप गाडी शंभरापर्यंत भरायला लावली. कशाला झक मारली आणि तसं केलं, असं मला आजही वाटतं.

मंगळवारी साडेसातला आईचा हात धरून खाली आले, तर गाडीचे दिवे चालू, वायपर कोरड्या काचेवर खरडत होते, चारही खिडक्या उघड्या, आतून भट्टीसारखी गरम हवा बाहेर येत होती आणि चालकाच्या जागेवर हे तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

"अहो!" मी ओरडले.

हे दचकून उठले. आधी माझ्याकडे नाही, आकड्याकडे पाहिलं. सत्तेचाळीस.

झालं होतं असं, की पहाटे पाचला ह्यांनी फोन पाहिला आणि त्यावर शंभर हा आकडा दिसला. बॅटरीवर ताण! ती ऐंशीवर आणायची म्हणून हे खाली आले, हीटर, दिवे, वायपर, सगळं चालू केलं. गाडी तापली की हीटर मंदावतो, म्हणून वर खिडक्या उघडल्या. अर्धा तास बसायचं ठरवलं होतं. ऊब लागली, डोळा लागला, आणि जवळजवळ जाऊन-येऊनची वीज आमच्या सोसायटीच्या पार्किंगला ऊब देण्यात खर्ची पडली.

"तू शंभर केलंसच का?" हे माझ्यावरच उखडले. चोराच्या उलट्या बोंबा!

"सत्तेचाळीसात पोचता येतं ना?" मी विचारलं.

"येतं. पण विसाला टेकतंय."

"टेकू दे."

त्यावर ह्यांनी पुन्हा आकड्याकडे पाहिलं. तेव्हाच मी टॅक्सी बोलवायला हवी होती.

आम्ही ताशी चाळीसच्या वेगाने निघालो. एसी बंद, रेडिओ बंद. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना काळजीने आत डोकावला. मागच्या सीटवर आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. घामाघूम झाली होती, पण तक्रार म्हणून नाही. मी तासातासाने तिच्या डोळ्यांत दवाखान्याने दिलेले थेंब घालत होते, त्या थेंबांनी तिचं उरलंसुरलं दिसणंही धूसर झालं होतं.

दवाखाना बारा किलोमीटरवर राहिला. घड्याळात नऊ, आकडा पंचवीस. ह्यांनी ओठ हलवत गणित केलं आणि गाडी चार्जिंगच्या ठिकाणी वळवली.

"हे काय?"

"अगं, एकोणीसला जातंय. दहाच मिनिटं लावू."

तिथे दोन मशीन होत्या. एक बंद होती. दुसरीला एक लाल गाडी लावलेली, आणि तिचा मालक समोरच्या सलूनमध्ये दाढीला बसलेला. हे सलूनमध्ये गेले. मला वाटलं भांडून येतील. कसलं काय! पाच मिनिटांनी दोघं हसत बाहेर आले. तो त्याच ग्रुपवरचा निघाला. त्याचे अठ्ठ्याहत्तर झाले होते, दोनच टक्के बाकी, मध्येच काढायला लावणं ह्यांना बरं वाटेना.

माझा संताप आता डोक्यात मावत नव्हता. "किल्ली द्या, नाहीतर मी टॅक्सी बोलावते," मी फोन काढत म्हटलं.

मागून आईने माझा खांदा चाचपून धरला. "नको गं. ते एवढं जपतात गाडीला. जावईबापूंचं मन कशाला मोडतेस? पोचू आपण."

आणि मी ऐकलं. सगळा दोष ह्यांच्या माथी मारता येत नाही, याची मला जास्त चीड येते.

आम्ही पोचलो तेव्हा दहाला दहा कमी होते. बॅटरी चोवीस. खिडकीतल्या बाईंनी यादी पाहिली. "पावणेदहापर्यंत थांबलो. नंतर पुढच्या पेशंटला आत घेतलं."

"चूक माझी हो," आई पटकन म्हणाली. "म्हातारं माणूस. आवरायलाच उशीर झाला."

"नाही, नाही," हे मध्येच म्हणाले. खोटं ह्यांना सहन होत नाही, एवढा गुण मान्य करते. "आम्ही वाटेत थांबलो. म्हणजे बॅटरी विसाच्या खाली गेली असती ना, तर तिचं आयुष्य..."

बाईंनी ह्यांच्याकडे बघितलं. मग आईकडे. ह्यांचं वाक्य तिथेच राहिलं. ते पुरं करायला ह्यांनाही लाज वाटली असावी, कारण कानापर्यंत लाल झाले. मला ह्यांची दया आली नाही.

नवी तारीख अकरा आठवड्यांनंतरची मिळत होती. फॉर्म पुन्हा भरायचा होता. मी खांद्यावरची माझी पर्स ह्यांच्याकडे दिली, "आईपाशी उभे राहा," असं हळूच म्हटलं आणि खिडकीशी गेले.

फॉर्म भरून मागे वळले, तर आईने हात पुढे करून चाचपडत ह्यांच्या हातातल्या माझ्या पर्सचा पट्टा धरला होता. मीच उभी आहे असं समजून ती हळू आवाजात बोलत होती.

"घरी गेल्यावर त्यांना काही बोलायचं नाही हं. शपथ आहे माझी. मनाने चांगला माणूस आहे. अकरा आठवडे काय, जातील." तिने पट्टा जवळ ओढला. "तुला म्हणून सांगते. महिना झाला, मला शिवता येत नाही. कपडे येतात ना, ते मी शेजारच्या बाईकडून शिवून घेते आणि तुम्हाला मीच शिवलं म्हणून सांगते. परवा जिन्यात पडले तेही बोलले नाही. पण हे त्यांच्या कानावर घालू नकोस. उगाच मनाला लावून घेतील."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पट्टा सोडवून घ्यायचंही ह्यांना सुचत नव्हतं.

"ऐकतेस ना?" आईने विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे व्हावं, म्हणजे सुटका होईल, अशा केविलवाण्या नजरेने. दोन पावलांचं तर अंतर होतं.

मी जागची हलले नाही. आईचं सगळं बोलून होऊ दिलं.