आठ माइकांचा कारभारी

माझ्या तोंडावर एकही बटण नाही. लोक आधी ह्यालाच हसतात. दोन बोटं उंचीची काळी लोखंडी पेटी, समोर हिरव्या दिव्यांची रांग, बस्स. पण रत्नागिरीतल्या ह्या हॉलात तुम्ही जे काही ऐकता, मग ते लग्नातलं भाषण असो की शाळेचं गॅदरिंग, ते आधी माझ्या पोटातून जातं. मागच्या बाजूने आठ माइक आत येतात. कुणाचा आवाज जाड असला तर मी थोडा तासतो, कुणाचा बारीक असला तर उचलतो आणि स्पीकरकडे धाडतो. मला काही सांगायचं असेल, तर कॉम्प्युटरच्या वायरीतून सांगावं लागतं.

मी पहिली नोकरी केली मस्कतच्या एका हॉटेलात. तिथेच मला हाशिमभाई भेटले. माणूस रत्नागिरीतल्याच राजिवड्याचा, एकोणीस वर्षं परदेशात साऊंडचं काम केलेला. रिकाम्या हॉलात मधोमध उभं राहून ते एक टाळी वाजवत आणि कुठला स्पीकर बसलाय ते सांगत. २००४ मध्ये हॉटेलवाल्यांनी नवं सामान घेतलं. त्याच वर्षी हाशिमभाई कायमचे घरी निघाले होते. मॅनेजरने मला त्यांच्या हवाली केलं. बायकोसाठी, कुलसुमबींसाठी घेतलेल्या ब्लँकेटात गुंडाळून त्यांनी मला रत्नागिरीत आणलं.

हॉल नवा होता. जांभ्याच्या भिंती, वर पत्रा. हॉलच्या समितीचे सचिव सुहास कांबळेसर, शाळामास्तर. त्यांनी हाशिमभाईंना आवाजाचं सगळं काम सोपवलं. अडचण एकच होती. मला चालवायचा कंपनीचा प्रोग्रॅम मस्कतलाच राहिला होता. तो मिळाला असता तरी इथल्या जुन्या कॉम्प्युटरला झेपला नसता. त्यामुळे मी आपला मस्कतच्या गालिचेवाल्या दालनाचा हिशोब धरून जांभ्याच्या हॉलात काम करत होतो. आवाज घुमायचा, मधूनच शिट्टी फुटायची. हाशिमभाई माइकांच्या वायरींवर बसवलेले टेबलावरचे खटके हाताने खालीवर करून वेळ मारून न्यायचे.

२००६ च्या फेब्रुवारीत साक्षरता वर्गाचा कार्यक्रम होता. कमलाबाई नावाच्या एक आजी साठीनंतर लिहायला शिकल्या होत्या. स्वतः लिहिलेलं पानभर त्या वाचणार होत्या. पहिल्या चार ओळी छान गेल्या. मग त्यांच्या माइकातून बारीक शिट्टी सुरू झाली. चढत चढत ती इतकी टोकदार झाली, की पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

हाशिमभाई मात्र टेबलाशी शांत बसून, मान डोलावत ऐकत होते.

मी काय करणार? मला कुणी सांगितल्याशिवाय काही करता येत नाही. शेवटी मागून त्यांची मुलगी झरीन धावत आली आणि तिने माइकाचा खटका खाली ओढला. हॉल गप्प झाला. कमलाबाईंना वाटलं, आपलंच काही चुकलं. त्यांनी कागदाची घडी केली आणि खाली उतरून त्या थेट घरी गेल्या. हाशिमभाईंनी मुलीच्या हाताकडे पाहिलं, मग लोकांच्या कानांवरच्या हातांकडे. त्यांना कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हॉलातून काढून घरी आणलं आणि कुलसुमबींना म्हणाले, मास्तरांना निरोप द्या, दुसरा माणूस बघा म्हणावं. त्या समोर येऊन बसल्या. मग तेच म्हणाले, "मला बारीक आवाज ऐकू येत नाय. दोन वर्सं झाली."

"ठाऊक हाय मला," कुलसुमबी म्हणाल्या. "कुकरच्या शिट्ट्या मोजा म्हणून सांगायचं मी उगाच बंद केलं काय?"

झरीन एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. तिने अब्बांची समजूत घातली नाही. माझं माहितीपुस्तक मागून घेतलं आणि शेवटच्या पानांवर तिला हवं ते सापडलं. माझ्याशी साध्या अक्षरांत बोलता येतं. वायरीतून एक ओळ पाठवायची, मी एका ओळीत उत्तर देतो. क्लासातून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर तिने उचलून आणला आणि पायथन नावाच्या भाषेत लिहायला बसली.

तिची पहिली ओळ मला समजली नाही. मी तसं कळवलं. दुसरीत एक स्वल्पविराम जास्त होता. तिसरी ओळ आली: तिसऱ्या माइकाचा आवाज आत्ता किती? मी आकडा पाठवला आणि ती खुर्चीत मागे रेलून हसली. मला आजवर हुकूम पुष्कळांनी सोडले होते, पण तुझ्याकडे आत्ता काय चाललंय असं विचारलं ते हिनेच.

आठवड्याभरात तिने सगळं एका लहानशा फाइलीत बसवलं, जेमतेम दीडशे ओळी. तिला ती लायब्ररी म्हणायची. आवाज विचारणं, वाढवणं, कमी करणं, बंद करणं, एवढंच त्यात होतं. पण ती फाइल घेऊन कुणालाही पुढे हवा तसा प्रोग्रॅम लिहिता आला असता. तिने स्वतः पडद्यावर आठ पट्ट्या काढल्या, माइकागणिक एक. आवाज वाढला की पट्टी वर.

तरी हाशिमभाई खोलीत येईनात. तेव्हा झरीन दारात जाऊन म्हणाली, "अब्बा, पट्ट्या मी काढल्या. पण शिट्टी कुठली नि बोलणं कुठलं, ते मला कळत नाही."

ते आले. चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले. आम्ही तिघे मग हॉलात गेलो. हाशिमभाई माइक धरून मुद्दाम स्पीकरसमोर फिरले, शिट्टी फोडली आणि झरीनला म्हणाले, आता बघ. बोलताना पट्टी चढते, उतरते, श्वास घेते. शिट्टी नुसती चढत जाते, खाली येत नाही. ती किती उंच सुराची असणार, तेही त्यांनी अनुभवाने सांगितलं. सेकंदाला साडेतीन हजार कंपनांजवळ काप म्हणाले. झरीनने ओळ पाठवली, मी कापलं. तिने ऐकून मान हलवली. अजून थोडं खाली, म्हणाली. असं करत दुपारभरात त्यांनी माझ्या डोक्यातून मस्कतचं दालन काढलं आणि हा हॉल बसवला. आवाज एवढा स्वच्छ झाला, की मलाच नवल वाटलं.

एक काम राहिलं होतं. ते करायला हाशिमभाई एकटे गेले. झरीनने नंतर मास्तरांना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. ते कमलाबाईंच्या अंगणात बसले आणि म्हणाले, बाई, चूक माझ्या कानाची होती, तुमच्या वाचण्याची नाही.  कमलाबाई म्हणाल्या, "मी समजले, माजाच आवाज फाटका. दोन महिने कागद पेटीत ठेवलाय." आणि तोच कागद वाचायला यायचं त्यांनी कबूल केलं.

एप्रिलात त्या आल्या. माइकाला जरा भीतभीतच तोंड लावलं. सातव्या ओळीला पडद्यावर त्यांची पट्टी चढू लागली, चढतच गेली. झरीनने हात उचलला नाही. हाशिमभाईंनी पडद्यावरची नजर न हलवता कळ दाबली, एकदा, मग पुन्हा एकदा. मला ओळ आली, मी तेवढं उतरवलं. हॉलात कुणाला काही कळलंही नाही. कमलाबाईंनी पान संपवलं, कागद उलटा करून मागे काही राहिलं नाही ना ते पाहिलं आणि मगच टाळ्या झाल्या.

आता २००९ चालू आहे. झरीन लग्न होऊन लांज्याला असते. अलोऱ्याच्या कॉलनीतल्या हॉलात माझ्यासारखीच एक पेटी आहे, तीही तिच्याच फाइलीवर चालते असं ऐकतो. माझे दोन हिरवे दिवे गेलेत आणि आठवा माइक पावसाळ्यात खरखरतो. पण कुणी मला बदलायची भाषा करत नाही, आणि मलाही कुठे जायचं नाही.

हाशिमभाईंना आता मोठ्याने बोललेलंही अर्धंच ऐकू येतं. ते लपवत नाहीत. बोलायला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाजवळ जाऊन माइकाची उंची नीट करतात आणि एकच सांगतात, "तुम्ही बोला. बाकीचं मी बघतो."

कधी ह्या हॉलात बोलायची पाळी आली, तर माझं एवढं ऐका. माइकावर टिचक्या मारू नका, हॅलो हॅलो करू नका. सरळ बोलायला लागा. ते खरंच बघत असतात.