मधल्या जागेचा ठिपका

बुरुलच्या दारात गाव लोटलं होतं. भविष्य सांगणाऱ्या बात्माकान आपाने एक फोटो उंच धरला होता. फोटोत नवव्या महिन्यातली बुरुल मधोमध बसलेली, आणि नेमका तिच्या पोटावर पांढरा ठिपका.

"मेलेल्यांचा डोळा आहे हा," आपा म्हणाली. "आशिर म्हाताऱ्यावर पडला, तो गेला. सोनुनवर पडला, तीही गेली. हिला पुलापलीकडे नेलंत तर दोन कबरी खणा. काळी मेंढी आणा, मी डोळा मिटवते."

बाहेर जीप उभी होती. बुरुलचे पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं, आणि डॉक्टरने आजच्या आज पुलापलीकडच्या नारिन शहरातल्या इस्पितळात बोलावलं होतं. सासू मात्र उंबऱ्यात आडवी बसली होती.

कान्यशाय बाई गर्दीतून पुढे येऊन फोटो निरखू लागल्या. शाळेत शिकवणाऱ्या या बाई बुरुलच्या सख्ख्या थोरल्या बहीण, आणि फोटोही त्यांनीच काढलेला. वडिलांचा तो जुना रशियन कॅमेरा म्हणजे बाईंचा जीव की प्राण. रोलमध्ये छत्तीसच फोटो, म्हणून प्रत्येकाआधी नीट बघायचं. मग न्हाणीघरात अंधार करून रोल धुवायचा, कागदावर चेहरा उमटेपर्यंत श्वास रोखून थांबायचं. फोनमध्ये कुठलं आलंय ते सुख! पण कॅमेरा नखरेलही तेवढाच. उन्हाळ्यात कुरणावर तंबू टाकून राहिले असताना भिंगाचं टोपण हरवलं, तर बाईंनी तो तसाच उघडा तंबूच्या दाराशी टांगला. आणि तंबूचं दार, सगळ्यांचं असतं तसंच, उगवतीकडे.

उगवतीकडे! बाई धावत घरी गेल्या आणि कॅमेरा नि फोटोंचा गठ्ठा घेऊन आल्या. सगळ्यांदेखत त्यांनी रोल काढला, भिंग उतरवलं, मागचं झाकण काढलं आणि आतला कापडी पडदा सूर्यासमोर धरला. काळ्या कापडात सुईच्या टोकाएवढं भोक चमकलं.

"भिंगातून ऊन एकवटलं आणि पडदा जळला. चूक माझी. तिथून उजेड गळतो, दर फोटोच्या मधोमध. हा बघा किटलीवर. हा आमच्या गाढवावर. गाढव मागे चरतंय."

कोणीतरी फिसकन हसलं. आपाचा चेहरा उतरला, पण तिने विचारलंच, ती दोघं मग कशी गेली?

"आपा, फोटोत मधली जागा आपण कोणाला देतो? सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला. आशिर आजोबा एक्क्याण्णव वर्षांचे होते, सोनुन आजी अठ्ठ्याऐंशीची. बुरुलला मी हट्टाने मधे बसवलं." बाई उंबऱ्याकडे वळल्या. "ठिपक्याने माणूस मरत नाही हो. दारात अडवल्याने मरतं."

"ताई," आतून बुरुल क्षीण आवाजात म्हणाली, "मला सगळं दोन-दोन दिसतंय."

सासू उठली आणि तिनेच सुनेला जीपमध्ये बसवलं.

बुरुल वाचली, मुलगीही झाली. तासभर उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या, असं डॉक्टरने सांगितलं. आणि मग आपाचं म्हणणं खरं ठरलं असतं, पुढची मेंढी लोकांनी काही न विचारताच दिली असती. म्हणून बाबांनो, फोटोत मरण दिसलं तर आधी कॅमेरा उघडून बघा. आणि बघत असताना आजारी माणसाची वाट सोडा.